ऐकणाऱ्याच्या हातात फोन आहे असे धरून बोला

वाचकाचे पत्र

‘मी पंचवटीत राहतो, वय २९. रेटिनायटिस पिग्मेंटोसा या डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे कॉलेजच्या दिवसांत माझी दृष्टी कमी होत गेली. आता फोनवर टॉकबॅक आणि संगणकावर एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारी सॉफ्टवेअर, वापरून मी नाशिकरोडच्या एका बँकेत लिपिकाचे काम करतो. अंध मित्रांना फोनवरून ॲप समजावून सांगता सांगता वाटू लागले की तंत्रज्ञान आणि सुगम्यता (म्हणजे ते दिव्यांगांना वापरता येणे) या विषयावर मराठीत पॉडकास्ट सुरू करावा. माझा एक डोळस मित्र रेकॉर्डिंग आणि एडिटिंग करायला तयार आहे. पण त्याच्या मते नुसती ॲपची माहिती कोणी ऐकणार नाही, दिव्यांगांच्या जिद्दीच्या कहाण्या हव्यात, मागे संगीत हवे, भाग दहा मिनिटांच्या वर जाऊ नये आणि जमल्यास सरळ व्हिडिओच करावा. माझी मावसबहीण कर्णबधिर आहे. तिने विचारले, “सुगम्यतेवरचा तुझा कार्यक्रम मी कसा ऐकू?” मला उत्तर देता आले नाही. शिवाय मायक्रोफोन, पैसे आणि नोकरी हे प्रश्न आहेतच. सुरुवात कशी करावी?’

एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात प्रश्न पुष्कळ आहेत, पण त्या सगळ्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न तुम्ही विचारलेला नाही: हा कार्यक्रम ऐकणारा माणूस त्या वेळी काय करत असेल? तुमच्या मित्राच्या मनातला श्रोता गाडी चालवताना किंवा भाजी निवडताना ऐकतो. त्याला कोणाची तरी जिद्द ऐकून घटकाभर भारावून जायचे असते आणि मग आपल्या उद्योगाला लागायचे असते. तुम्ही ज्यांना फोनवरून ॲप समजावता तो श्रोता निराळा आहे. त्याच्या हातात फोन आहे, विजेचे बिल भरता भरता तो मध्येच अडकला आहे, ‘अनलेबल्ड, बटण’, म्हणजे नाव न दिलेले बटण, एवढेच त्याला पुन्हा पुन्हा ऐकू येते आहे आणि घरात त्या वेळी विचारायला कोणी नाही. या दोघांसाठी एकच कार्यक्रम करता येत नाही. तुम्ही दुसऱ्यासाठी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि तसे एकदा ठरले की लांबी, संगीत, व्हिडिओ, शीर्षके या बहुतेक वादांचा निकाल आपोआप लागतो.

जिद्दीच्या कहाण्यांबद्दल तुमच्या मित्राचा हेतू चांगला आहे, यात मला शंका नाही. पण त्या कहाण्यांना मराठीत तोटा नाही. दरवर्षी ३ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाच्या, आसपास वृत्तपत्रांच्या पुरवण्या त्यांनी भरलेल्या असतात, आणि त्या वाचून कोणाही अंध माणसाला पीडीएफ उघडायला मदत झालेली नसते. पाहुणे अवश्य बोलवा. मात्र त्यांना त्यांच्या कामातले जाणकार म्हणून बोलवा. रेल्वेत नोकरी करणाऱ्या अंध व्यक्तीला ‘तुम्ही परिस्थितीवर मात कशी केली’ असे विचारण्याऐवजी, हजार ओळींच्या एक्सेल तक्त्यात तुम्ही स्तंभांची नावे न विसरता कसे फिरता, असे विचारा. उत्तरातून माणूसही कळेल आणि श्रोत्याच्या पदरात एखादी युक्तीही पडेल. पाहुण्याची ओळख कोणत्या शब्दांत करून द्यायची, हे त्यालाच आधी विचारून घ्यावे, म्हणजे ऐन रेकॉर्डिंगमध्ये अवघडलेपण येत नाही.

आता एक भाग कसा असावा, याचे उदाहरण तुमच्या नाशिकरोडचेच घेऊ. देशात चार ठिकाणी नोटा छापल्या जातात आणि त्यांपैकी एक छापखाना नाशिकरोडला आहे. तुम्ही स्वतः दिवसभर पैशांच्याच व्यवहारात असता. ‘हातातली नोट कितीची आहे हे कसे ओळखावे’ हा पहिल्या भागाचा विषय म्हणून मला फार योग्य वाटतो, कारण त्यात स्पर्श आणि तंत्रज्ञान दोन्ही येतात. महात्मा गांधी नव्या मालिकेतील १०० रुपयांच्या नोटेवर उठावदार त्रिकोण आणि कडेला चार तिरक्या रेषा असतात. २०० च्या नोटेवर उठावदार एच आणि चार रेषांच्या मध्ये दोन छोटी वर्तुळे असतात. ५०० च्या नोटेवर उठावदार वर्तुळ आणि पाच रेषा असतात. नोट कोरी असताना हे बोटांना कळते, पण बाजारात फिरून मऊ पडलेल्या नोटेवर उठाव झिजलेला असतो, आणि तिथे रिझर्व्ह बँकेचे मणी हे ॲप उपयोगी पडते. ते १ जानेवारी २०२० रोजी आले, कॅमेऱ्यासमोर धरलेली नोट कितीची आहे ते बोलून सांगते आणि इंटरनेट नसतानाही चालते. मात्र नोट खरी की खोटी हे ते सांगत नाही, ही गोष्ट तुम्ही भागात दोनदा सांगितली तरी चालेल, कारण नेमक्या याच बाबतीत लोकांचा गैरसमज होतो.

असा भाग करताना माहिती सांगून थांबू नका. काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून ऐकवा. नोट हातात कशी धरायची, फोन तिच्यापासून किती वर न्यायचा, घडी उलगडायची की नाही, दिव्याच्या उजेडाचा काय परिणाम होतो, ॲपने चुकीचे किंवा काहीच सांगितले नाही तर पुढे काय करायचे, हे सगळे टॉकबॅकच्या आवाजासह श्रोत्याच्या कानावर पडले पाहिजे. ‘इथे दाबा’, ‘त्या कोपऱ्यात पाहा’, ‘निळे बटण’ असे शब्द तुम्ही वापरणार नाही, पण तुमचे डोळस मित्र सहज वापरतील, म्हणून तेवढे त्यांना सांगून ठेवा. त्याऐवजी ‘स्क्रीनच्या तळाशी डावीकडून तिसरे, एका बोटाने उजवीकडे स्वाइप करत गेलात तर टॉकबॅक त्याचे नाव अमुक असे उच्चारेल, तिथे दोनदा टॅप करा’ अशी वाट दाखवावी. प्रत्येक भागाच्या आरंभी फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची आणि ॲपची आवृत्ती आणि तारीख सांगायची सवय लावून घ्या. पुढच्या अपडेटमध्ये बटणाची जागा बदलते किंवा चांगले लेबल असलेले बटण अचानक मुके होते, आणि मग सहा महिन्यांनी तो भाग ऐकणारा माणूस स्वतःलाच दोष देत बसतो.

टॉकबॅकच्या वेगाबद्दल एक सूचना करते. तुमच्यासारखे सरावलेले लोक स्क्रीन रीडर इतक्या वेगाने ऐकतात की शेजारी बसलेल्याला ते मराठी आहे की इंग्रजी, हेही कळत नाही. ज्याची दृष्टी अलीकडे गेली आहे आणि ज्याने टॉकबॅक गेल्याच महिन्यात सुरू केले आहे, तो तुमच्या वेगाने घाबरून फोन बाजूला ठेवील. प्रात्यक्षिकाच्या वेळी वेग नवशिक्याच्या पातळीवर आणा. पुष्कळ मराठी वापरकर्ते फोन इंग्रजीत ठेवतात आणि काही मराठीत, त्यामुळे महत्त्वाच्या बटणांची नावे दोन्ही प्रकारे सांगावीत. एवढ्याने एखादे मिनिट वाढते, ते वाढू द्या.

स्क्रीन रीडरचा आवाज स्वच्छ रेकॉर्ड करणे हे या प्रकारच्या कार्यक्रमाचे खास तांत्रिक दुखणे आहे. संगणकावर ते सोपे आहे: विंडोजमध्ये ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर वासापी लूपबॅक या पर्यायाने संगणकातून बाहेर पडणारा आवाज, म्हणजे एनव्हीडीएचे बोलणे, थेट टिपते, आणि तुमचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून दुसऱ्या ट्रॅकवर ठेवता येतो. दोन्ही वेगळे ठेवल्यास एकावर दुसरा चढला तर नंतर हलवता येतो. फोनच्या बाबतीत एक तर तारेने फोनचा आवाज संगणकात किंवा छोट्या मिक्सरमध्ये न्यावा, नाही तर फोन मायक्रोफोनजवळ धरून बोलावे. दुसरी पद्धत गावठी वाटते, पण श्रोत्याला ती बहुधा खटकत नाही, उलट टेबलावर खरोखर काहीतरी चालले आहे असे त्याला वाटते. टॉकबॅक बोलत असताना तुम्ही गप्प राहायचे आणि ते थांबल्यावर बोलायचे, ही शिस्त मात्र कोणत्याही उपकरणाने येत नाही.

तुम्ही बँकेत आहात, म्हणून पुढची गोष्ट तुम्हाला लगेच पटेल. स्क्रीन रीडर जे दिसेल ते वाचतो, आणि मध्येच आलेला संदेशही वाचतो. प्रात्यक्षिक चालू असताना कोणाचा तरी मोबाइल क्रमांक, खात्यातली शिल्लक किंवा ओटीपी मोठ्याने उच्चारला गेला आणि तो तसाच प्रसिद्ध झाला, तर मग कितीही दिलगिरी व्यक्त करून उपयोग नसतो. रेकॉर्डिंगपूर्वी सर्व सूचना बंद करा, शक्य असेल तर ज्यात स्वतःची काहीच माहिती नाही असा जुना फोन या कामासाठी वेगळा ठेवा, आणि बँकेच्या ॲपचे प्रात्यक्षिक करायचे झाल्यास लॉगिनचा भाग करून दाखवण्याऐवजी तोंडी सांगून पुढे जा.

लांबी, संगीत आणि व्हिडिओ यांबद्दल थोडक्यात लिहिते. काम पुरे व्हायला सतरा मिनिटे लागत असतील तर भाग सतरा मिनिटांचा आणि चार लागत असतील तर चार मिनिटांचा असावा. दहा हा आकडा कुठून आला, हे तुमच्या मित्रालाही सांगता येणार नाही. बोलण्यामागे संगीत नकोच. वेबच्या सुगम्यतेसाठी जगभर वापरली जाणारी डब्ल्यूसीएजी ही मार्गदर्शक तत्त्वे सर्वांत वरच्या पातळीवर असे सांगतात की पार्श्वभूमीचा आवाज बोलण्यापेक्षा निदान २० डेसिबल खाली असावा, आणि तुमच्या कार्यक्रमात तर बोलणारे दोन आहेत, एक तुम्ही आणि एक यंत्र. सुरुवातीला आणि शेवटी चार सेकंदांची धून पुरे. व्हिडिओ आज करू नका. कॅमेरा आला की तुमचे मित्र नकळत चित्रावर विसंबून राहतील आणि तुमच्या बोलण्यातला तपशील गळू लागेल.

आता तुमच्या मावसबहिणीचा प्रश्न. माझ्या मते तुमच्या सगळ्या पत्रात तोच सर्वांत नेमका आहे, आणि पहिला भाग बाहेर पडण्याआधी त्याचे उत्तर तयार असले पाहिजे. ते उत्तर आहे लेखी प्रत. डब्ल्यूसीएजीच्या १.२.१ या निकषानुसार आधीच रेकॉर्ड केलेल्या ध्वनीसोबत त्याचा समकक्ष मजकूर देणे ही अगदी पहिल्या, म्हणजे ‘ए’ पातळीची अट आहे. वर सांगितलेल्या संगीताच्या अटीसारखी ती ऐच्छिक चैन नाही. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४२ ने ध्वनी, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुगम्य स्वरूपात मिळावा यासाठी उपाय करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. घरी बसून पॉडकास्ट करणाऱ्या एका माणसाला उद्या कोणी नोटीस पाठवणार नाही, हे खरे. पण इतरांच्या ॲपमधली लेबल नसलेली बटणे दाखवणाऱ्या कार्यक्रमाचा स्वतःचा मजकूर कर्णबधिरांना बंद असेल, तर त्याची टीका कोणी का ऐकून घ्यावी?

लेखी प्रत म्हणजे केवळ संवादांची नक्कल नव्हे. कोण बोलत आहे, कुठे टॉकबॅक बोलत आहे, कुठे ॲपने इशाऱ्याचा आवाज केला, हे सगळे तिच्यात हवे. गूगलच्या कीबोर्डवर मराठी बोलून टंकलेखन करण्याची सोय २०१७ पासून आहे; भाग ऐकत एक एक वाक्य स्वतः पुन्हा बोलत गेलात तर पहिला कच्चा मसुदा तयार होतो. पण ॲपची नावे, इंग्रजी बटणे आणि विरामचिन्हे यांत त्याची हमखास गडबड होते, म्हणून शेवटचा हात माणसाचाच फिरला पाहिजे. हे काम कंटाळवाणे आहे आणि एडिटिंगपेक्षा जास्त वेळ खाते. ते झेपत नसेल तर महिन्यातून चार भाग करण्याऐवजी दोन करा, पण प्रत सोडू नका. तिचा फायदा कर्णबधिरांपुरता राहत नाही. ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्यांना ब्रेल डिस्प्लेवर (मजकूर बोटांना कळणाऱ्या ठिपक्यांत उमटवणाऱ्या उपकरणावर) तुमचा कार्यक्रम फक्त याच वाटेने पोहोचू शकतो. आणि ज्याला सतरा मिनिटांमधली एकच पायरी पुन्हा हवी आहे, तो अंध श्रोतासुद्धा मजकुरात शोधून ती अर्ध्या मिनिटात काढतो.

तरीही मावसबहिणीला आणखी एक गोष्ट विचारा: तिला लेखी मराठी सोयीचे आहे का? जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते, आणि लांबलचक मराठी मजकूर त्यांच्यासाठी परक्या भाषेइतका कष्टाचा ठरू शकतो. तसे असेल तर निवडक भागांचा दुभाष्यासह व्हिडिओ करावा लागेल. त्याला खर्च येतो आणि तो प्रत्येक भागाला परवडणार नाही, हे तिला मोकळेपणाने सांगा. तिला स्वतःला रस असेल तर एखादा भाग तिनेच का करू नये? गूगलचे लाइव्ह ट्रान्स्क्राइब समोरच्याचे मराठी बोलणे कितपत नीट लिहून दाखवते, दुकानात आणि दवाखान्यात ते कुठे फसते, हे तिच्याइतके तुम्हाला किंवा मला सांगता येणार नाही. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, १९९५ च्या कायद्यात सातच होते. पण म्हणून तुम्ही पहिल्या वर्षात २१ प्रकारांना हात घालावा असे नाही. दृष्टीच्या बाबतीत तुम्ही स्वतः बोला, बाकीच्या बाबतीत त्या त्या माणसाकडे मायक्रोफोन द्या.

लेखी प्रत तयार करताना ती युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही यंत्राला मराठी म्हणून ओळखता येणाऱ्या अक्षरसंकेतांत, साध्या मजकुराच्या किंवा वेबपानाच्या रूपात ठेवा. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण मराठीत हीच जागा सर्वांत मोठ्या अडथळ्याची आहे. जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेली फाइल डोळ्यांना सुरेख मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरांचे संकेत भरलेले असतात, आणि एनव्हीडीए ते संकेतच वाचून दाखवते. ऐकणाऱ्याला नुसती अक्षरांची खिचडी मिळते. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तर वाचण्यासारखे काहीच नसते, ते केवळ चित्र असते. परिपत्रके, प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, सोसायटीच्या सभेच्या नोटिसा, सगळीकडे हा प्रकार चालू आहे. ‘फाइल माझ्या संगणकावर का वाचली जात नाही, ती युनिकोडमध्ये कशी आणावी, आणि पाठवणाऱ्याला काय सांगावे’ या विषयावर तुम्ही तीन-चार भाग सहज करू शकाल, आणि इंग्रजीतला कोणताही कार्यक्रम ते करणार नाही. ‘इंग्रजीत एवढे असताना मराठीत कोण ऐकणार’ असा प्रश्न कोणी विचारला तर हे उदाहरण द्यावे. नाशिकला मुक्त विद्यापीठ आहे. घरी बसून मराठीतून पदवी घेणारे अंध विद्यार्थी या भागांचे पहिले श्रोते असतील.

तुमच्या नोकरीमुळे तुम्हाला सुचण्याजोगा दुसरा विषय केवायसीचा, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याच्या प्रक्रियेचा, आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आम्लहल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती आणि एक अंध याचिकाकर्ता यांच्या प्रकरणांत, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ चा (जीविताच्या हक्काचा) भाग आहे असे म्हटले आणि केवायसीची प्रक्रिया सुगम्य करण्यासाठी २० निर्देश दिले. कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून आपण जिवंत असल्याचे सिद्ध करा, अशी अट ज्याला ती पाळताच येत नाही त्याला घालण्यातली विसंगती त्यात उघड झाली. कार्यक्रमात तुम्ही वकील होऊ नका. निकालात काय आहे ते सोप्या भाषेत सांगा आणि मग तक्रार कशी लिहावी ते शिकवा: कोणता फोन, कोणती आवृत्ती, कितव्या पायरीवर अडले, स्क्रीन रीडर तिथे नेमके काय बोलला, त्याऐवजी काय बोलायला हवे होते. ‘तुमचे ॲप दिव्यांगांसाठी निरुपयोगी आहे’ अशा तक्रारीवर ‘आपला अभिप्राय संबंधितांना कळवला आहे’ असेच उत्तर येते. ‘पैसे पाठवण्याच्या तिसऱ्या पानावरील खालच्या उजव्या बटणाला लेबल नाही’ ही तक्रार मात्र प्रोग्रॅमरच्या टेबलापर्यंत पोहोचली तर त्याला ती थोड्या वेळात दुरुस्त करता येते. अशी काही पत्रे तुम्ही आणि श्रोत्यांनी मिळून लिहिली, तर जिद्दीच्या कहाण्यांची उणीव तुमच्या मित्रालाही भासणार नाही.

उपकरणांवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. पंचवटीतले घर म्हणजे देवळांच्या घंटा, ध्वनिक्षेपक आणि रस्त्यावरची वर्दळ, आणि सिंहस्थ जवळ येईल तशी ती वाढतच जाणार. अशा ठिकाणी आजूबाजूचे सगळे टिपणाऱ्या कंडेन्सर मायक्रोफोनपेक्षा तोंडाजवळ धरायचा साधा डायनॅमिक मायक्रोफोन बरा. तोही नसेल तर फोनच्या तारेच्या हेडफोनवर सुरुवात करा, कपड्यांचे कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसा आणि समोर एक गोधडी टांगा. फाइल मोनो ठेवा. ६४ केबीपीएसवर अर्ध्या तासाचा भाग साधारण १४ एमबीचा होतो, १२८ वर त्याच्या दुप्पट, आणि बोलण्यासाठी पहिले पुरेसे आहे. आवाजाची पातळी मोनोसाठी उणे १९ एलयूएफएसच्या (आवाजाचा जोर मोजण्याचे एकक) आसपास आणा. ऑडॅसिटीत त्यासाठी तयार इफेक्ट आहे.

एडिटिंग मात्र तुम्ही स्वतः शिका. मित्राच्या मदतीबद्दल कृतज्ञ राहावे, पण उद्या त्यांना पुण्यात नोकरी लागली की तुमचा कार्यक्रम बंद पडू नये. ऑडॅसिटी कीबोर्डवरून चालवता येते. पुढे जास्त ट्रॅकचे काम करावेसे वाटले तर रीपर हे सॉफ्टवेअर आणि त्याला स्क्रीन रीडरशी जोडणारे ओसारा हे मोफत एक्स्टेंशन घ्या. अंध ध्वनिसंकलकांमध्ये ही जोडी चांगली रुळलेली आहे, आणि ओसाराची सुरुवात एनव्हीडीएच्या मूळ विकासकांपैकी एक असलेल्या जेम्स टेह यांनी केली आहे. सध्या मित्राकडे दुसरेच काम सोपवा: तुम्ही सांगितलेल्या पायऱ्या डोळे मिटून त्यांनी करून पाहाव्यात आणि जिथे अडतील तिथे तुम्हाला थांबवावे. त्याहून चांगला परीक्षक हवा असेल तर ज्याने ते ॲप कधी उघडलेलेच नाही असा टॉकबॅक वापरणारा माणूस शोधा. सातपूरला नॅब या अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या महाराष्ट्र शाखेचे काम चालते, तिथे विचारणा केलीत तर अशी माणसे भेटतील.

प्रसिद्धीसाठी भाग इंटरनेटवर ठेवणारी कोणतीही होस्टिंग सेवा निवडण्यापूर्वी तिचे अपलोडचे पान एनव्हीडीएने स्वतः चालवून पाहा आणि उद्या ती सोडावी लागली तर आरएसएस फीड (पॉडकास्टच्या ॲपना नवे भाग पोहोचवणारा दुवा) दुसरीकडे नेता येते ना, याची खात्री करा. तुमच्या श्रोत्यांपैकी बऱ्याच जणांकडे पॉडकास्टचे ॲप नसेल. त्यांना व्हॉट्सॲपवर फाइल आणि लेखी प्रत दोन्ही पाठवा, त्यात कमीपणा काही नाही. शीर्षकात कामाचे नाव पहिले ठेवा. यादीतून खाली जाताना प्रत्येक ओळीवर कार्यक्रमाचे नाव आणि ‘भाग सातवा’ ऐकावे लागले तर माणूस कंटाळतो. ‘नोट ओळखणे’ असे सुरुवातीलाच ऐकू आले तर तो हवे तिथे थांबतो. किती जणांनी ऐकले या आकड्याकडे पहिले काही महिने पाहू नका. आकडा लहान असेल. ‘तुमचे ऐकून बिल भरले’ असा निरोप एखाद्याचा आला की तो श्रोता पुढच्या भागालाही येतो आणि आपल्या मित्राला आणतो.

राहिला पैशांचा आणि नोकरीचा प्रश्न. वर्षभर तरी जाहिरात घेऊ नका. चष्मे, काठ्या, बोलणारी घड्याळे विकणारे लोक तुमच्याकडे येतील आणि एखादे उपकरण मोफत देऊ करतील. ते घेतलेत तर भागाच्या पहिल्याच मिनिटात तसे सांगा आणि परीक्षण झाल्यावर परत करा. अंध माणसाला दुकानात जाऊन चार वस्तू ताडून पाहणे अवघड असते, म्हणून तुमच्या शब्दावर तो हजारो रुपये खर्च करील. बँकेच्या बाबतीत स्वतःच्या सेवाशर्ती काढून वाचा. माध्यमांतून बोलणे आणि नोकरीबाहेरचे उत्पन्न या दोन्हींसाठी पूर्वपरवानगी लागू शकते, आणि ‘आमच्या बँकेत असे असते’ हे वाक्य कार्यक्रमात सहज तोंडून निघून जाते. कार्यक्रम व्यक्तिगत आहे, विनामोबदला आहे आणि त्यात बँकेचे किंवा ग्राहकांचे नाव येणार नाही, असे लिहून अर्ज द्या. तो पहिला भाग प्रसिद्ध होण्यापूर्वी द्या आणि त्याची पोच घ्या.